लोकसहभागातून शाळा किती दिवस चालवायची?

मा. संपादक साहेब यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं राहिली नाहीत, मास्तर लोक फुकट पगार घेतात, वीसच्या आत पोरं असलेल्या शाळा बंद करा आणि सरकारचे पैसे वाचवा, असा सगळा सूर होता. वाचून वाईट वाटलं पण त्यांचा मला राग नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला शाळेची इमारत दिसते, झेंडा दिसतो, मास्तरची गाडी दिसते, आत पैसा किती येतो, कधी येतो आणि नाही आला की कोण भरतं हे कुणाला दिसत नाही आणि आम्ही पण कधी बोलत नाही. म्हणून लिहायला बसले. मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका गावात जि.प. प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट चाळीसच्या आसपास. माझी सगळी नोकरी याच भागात झाली त्यामुळे इथल्यापुरतंच बोलते.

आधी पगाराचं सांगून टाकते. मला सातव्या वेतन आयोगाचा पगार मिळतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझ्या सोबतचे सर शिक्षण सेवक आहेत, पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन शिक्षक भरतीतून लागले, घर दुसऱ्या जिल्ह्यात, त्यांना महिन्याला १६ हजार मानधन आहे, तेही २०२३ ला वाढवलं म्हणून, त्याआधी कितीतरी वर्षं ते ६ हजारच होतं. तीन वर्षं असंच काढायचं. त्यातच खोलीचं भाडं, डबा, गाडीचं पेट्रोल, घरी आईवडिलांना पाठवायचं, आणि शाळेत काही कमी पडलं तर खिशात हात घालायचा तो पण यातूनच. तेव्हा लाखाचा पगार म्हणून सरसकट बोलण्याआधी हेही लक्षात घ्यावं एवढीच विनंती.

आता मूळ मुद्द्यावर येते. शाळेचे एकेक खर्च सरकार हळूहळू स्वतःच्या अंगावरून काढून टाकतंय आणि कागदावर त्यापुढे एक शब्द लिहितंय, "लोकसहभाग". भिंत रंगवायचीय, लोकसहभाग. टीव्ही पाहिजे, लोकसहभाग. आणि आता लेकरांचं अंडं पण लोकसहभागातून.

अंड्याचं जरा नीट सांगते कारण ते मी रोज डोळ्यांनी बघितलंय. नोव्हेंबर २०२३ ला शासनाने निर्णय घेतला की पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळी. एका अंड्याला ५ रुपये धरले होते, बाजारात थंडीत त्याहून जास्त लागायचे पण ठीक आहे, वरचे आम्ही घालायचो. आमच्याकडे बुधवार ठरला होता. बुधवारी हजेरी बघायची होती तुम्ही साहेब, ज्या लेकरांना वस्तीवरून बोलावून आणावं लागतं ती घंटा व्हायच्या आधी येऊन बसलेली असायची. पहिलीतल्या काही लेकरांना अंडं सोलताच येत नव्हतं, दाबून फोडायची आणि निम्मं टरफलासकट हातात यायचं, मग चौथीच्या मुली त्यांच्या शेजारी बसून सोलून द्यायला लागल्या, पुढे पुढे लहानी पण शिकली, आधी बुडाकडून टिचवायचं, मग नखाने पापुद्रा काढायचा, आणि एखाद्याचं अख्खं गुळगुळीत निघालं की तो सगळ्यांना दाखवत फिरायचा. ज्या घरात मटण-अंडी सणावारी किंवा पाहुणा आला तरच होतात त्या घरातली ही लेकरं आहेत. त्यांच्या अंगाला काय लागलं ते मोजायला माझ्याकडे मशीन नाही पण बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत वर्गात जी तरतरी असायची ती इतर दिवशी नसायची हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

आणि २८ जानेवारी २०२५ ला नवीन शासन निर्णय आला, अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी मिळणार नाही. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व हे ज्यांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावं. पेपरात आलं होतं की यातून वर्षाचे ५० कोटी वाचणार. दीड महिन्यात १० मार्चला राज्याचं बजेट आलं ते ७ लाख कोटींचं होतं. मला अर्थशास्त्र कळत नाही, मी गणित शिकवते ते चौथीपर्यंतचं, पण ७ लाख कोटीत ५० कोटी म्हणजे किती होतात ते आमच्या चौथीच्या पोरांना शून्य मांडून दाखवलं तर ती पण सांगतील की ही काही काटकसर करायची जागा नव्हे.

त्यात निर्णय कधी आला बघा, जानेवारीच्या शेवटी. आमच्या गावात जानेवारीला कोण असतं हे विचारायला पाहिजे होतं कुणीतरी. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला जातं, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी पार कर्नाटकात बेळगावकडे. मागे राहतात म्हातारी माणसं, दारातली शेरडं, आणि आजीकडे ठेवलेली लेकरं. हा गाव मार्च-एप्रिलशिवाय भरत नाही. मग लोकसहभाग कुणाचा घ्यायचा? संजय गांधी निराधारचे पैसे कधी येतील म्हणून बँकेत चकरा मारणाऱ्या आजीकडे जाऊन मी म्हणू का की बुधवारच्या अंड्याला वर्गणी द्या? एक किराणा दुकानवाले आहेत, त्यांनी काही आठवडे दिली अंडी, त्यांचे उपकार आहेत, पण ते किती दिवस देणार. मग मी आणि सरांनी मिळून काही दिवस चालवलं, दर बुधवारचे पावणेतीनशे-तीनशे रुपये, मग आठवड्याचं पंधरवड्यावर आलं, आणि मग बंद झालं. लेकरं बरेच दिवस विचारत होती. शहरातल्या शाळेला बिल्डर, डॉक्टर, रोटरीवाले मिळत असतील, मिळोत बिचाऱ्या लेकरांना, पण ज्या गावाला सगळ्यात जास्त गरज त्या गावात द्यायला माणूसच नाही ही लोकसहभागाची गोष्ट आहे. जिथे आहे तिथेच अजून मिळतं.

पोषण आहाराचं बाकीचं पण सांगते म्हणजे अंदाज येईल. तांदूळ सरकारकडून येतो, पहिली ते पाचवीला दर लेकराला १०० ग्रॅम. बाकी डाळ, तेल, मसाला, भाजी, जळण हे सगळं धरून एका लेकराला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, हा मे २०२५ पासूनचा वाढलेला दर आहे बरं का, त्याआधी ६ रुपये १९ पैसे होते. त्यात मोड आलेली मटकी, सोयाबीन पुलाव, वरण-भात असं पाककृतीचं वेळापत्रक सांभाळायचं. आणि हे शिजवणाऱ्या आमच्या दोन्ही मावश्या, त्यांना महिन्याला अडीच हजार रुपये मिळतात. अडीच हजार! सकाळी तांदूळ निवडणं, पाणी भरणं, शिजवणं, वाढणं, चाळीस ताटं आणि पातेली घासणं, दुपारचे अडीच-तीन वाजतात. ते अडीच हजार पण महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. केंद्र सरकार त्यांचं मानधन अजून २००९ साली ठरवलेल्या एक हजारावरच धरून बसलंय, वरचे राज्य घालतं. धाकट्या मावशी मला एकदा म्हणाल्या, "मॅडम, कोयत्याला (ऊसतोडीला) गेले असते तर उचल तरी हातात आली असती, पण पोरगी तुमच्यापाशी दुसरीत बसलीय म्हणून राहिले." याच्यावर मी काय बोलणार.

आता शाळेच्या खर्चाचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर घालायचेच. राहिलेल्यात खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, लाईट बिल, नळाची तोटी, संडासची दुरुस्ती, फुटलेले पत्रे, नेट रिचार्ज, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, सगळं. १० हजारवाल्या शाळेनं महिन्याला आठशे-साडेआठशे रुपयात शाळा चालवायची असा हिशोब होतो. बरं २५ हजार म्हणजे २५ हजार येतात असं पण नाही, टप्प्याटप्प्याने येतात, आणि येतात कधी तर पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाईन यंत्रणेवर) लिमिट, म्हणजे खर्चाची मंजूर रक्कम, पडतं ते फेब्रुवारी-मार्चला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खात्यावर शून्य. मग जून ते जानेवारी खडू कुठून आला? मुख्याध्यापकाचा चार्ज ज्याच्याकडे त्याच्या खिशातून आला, किंवा तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याकडे उधारी. आणि मार्चला लिमिट पडलं की धावपळ, कोटेशन, बिलं, जीएसटी नंबर, व्हेंडर रजिस्ट्रेशन, सर्व्हर डाऊन, आणि ३१ मार्चच्या आत नाही झालं तर लिमिट परत. म्हणजे कागदावर शाळेला पैसे दिले आणि शाळेनं खर्च केले नाहीत असं दिसतं! हे वाचणाऱ्यांपैकी कुणी घर चालवत असेल त्यांनी सांगावं की वर्षभराचा किराणा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरला तर घर कसं चालेल.

लाईटचं तर विचारूच नका. २०१५-१६ च्या सुमारास प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा डिजिटल शाळेची लाट आली होती, आमच्या गावाने पण ऊसतोडीहून आल्यावर घरटी वर्गणी काढली, कुणी दोनशे, कुणी पाचशे, आणि शाळेला टीव्ही घेतला, त्या पिढीच्या पोरांनी त्याच्यावर कविता ऐकल्या, सूर्यमाला बघितली. पुढे बिल थकलं आणि वीज कंपनीनं मीटर काढून नेलं. शाळा कमावत काहीच नाही तर ती बिल भरणार कशातून हा प्रश्न वायरमनला विचारून उपयोग नाही, तो त्याची ड्युटी करतो. ग्रामपंचायतीनं भरावं म्हणतात, ग्रामपंचायत म्हणते तशी तरतूद नाही. टीव्हीवर आता मी जुनी साडी झाकून ठेवलीय धूळ बसू नये म्हणून. ज्या लोकांनी ऊस तोडून आणलेल्या पैशातून तो टीव्ही घेतला त्यांना काय तोंड दाखवायचं सांगा. लोकसहभाग लोकांनी केला, त्याला लागणारं लाईट बिल सरकारला जड झालं.

आता पटसंख्येकडे येते कारण त्या गृहस्थांचा सगळा भर त्याच्यावर होता. आमच्याकडे ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यावर पुढे संचमान्यता होते, म्हणजे शिक्षक किती मंजूर ते ठरतं. पण नुसती पोरं शाळेत बसलेली असून भागत नाही, आधार व्हॅलिड पाहिजे. आता ज्या लेकराचा जन्म ऊसतोडीच्या फडावर कोपीत (झोपडीत) झाला, जन्मदाखला कर्नाटकात का महाराष्ट्रात तेच आईबापाला सांगता येत नाही, त्याचं आधार कुठून व्हॅलिड होणार, नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली, आडनाव आधारला वेगळं आणि शाळेला वेगळं, की मिसमॅच. लेकरू समोर बसलंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय, आणि संचमान्यतेला ते नाहीच. मग म्हणायचं पट कमी झाला.

आणि दिवाळीनंतर वर्गात लेकरं कमी दिसतात हे खरंय, तपासणीला येणारे साहेब पण तेच लिहून जातात. ती लेकरं पळून गेलेली नाहीत, ती आईबापाबरोबर गेलीत कारण त्यांना मागे ठेवायची सोय वेळेवर झाली नाही. हंगामी वसतिगृह म्हणून एक फार चांगली योजना आहे, लेकरू गावातच आजी-आजोबाकडे किंवा नातेवाईकाकडे राहतं, दुपारी शाळेत जेवतं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून मिळतं, चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीनं. ज्या वर्षी हे वेळेवर सुरू झालं त्या वर्षी माझ्या वर्गात संक्रांतीला सुद्धा वर्ग भरलेला होता. पण टोळ्या निघतात दिवाळीच्या आसपास आणि मंजुरी येते डिसेंबरात नाहीतर त्याच्याही पुढे. आईबाप मला विचारतात, "मॅडम, यंदा वसतिगृह आहे का? सांगा म्हणजे ठेवतो." मी काय सांगू? होईल म्हणून सांगावं आणि नाही झालं तर म्हातारीने लेकराला खाऊ काय घालायचं? नाही म्हणावं तर लेकरू ट्रॅक्टरमध्ये बसलं. दरवर्षी हे असं ऑक्टोबरात दारात उभं राहून बोलणं होतं. एकदा लेकरू गेलं की शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं, पण बेळगावकडे फडाजवळची शाळा कन्नडची असते, आणि लेकरू शाळेत जात पण नाही, ते कोपीवर धाकट्याला सांभाळतं नाहीतर उसाचे वाढे (शेंडे) गोळा करतं. एप्रिलमध्ये परत आलं की तिसरीतल्या पोराला जोडाक्षरं पुन्हा पहिल्यापासून. वाचन-गणिताचा स्तर तपासणाऱ्या निपुण महाराष्ट्र कार्यक्रमात मग त्याचा स्तर शिक्षकाच्या नावावर मांडतात.

इतका खर्च कशाला, शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना सांगते, हे सरकारच्या डोक्यात पण येऊन गेलेलं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचे, म्हणजे लहान शाळा एकत्र करायचे प्रस्ताव मागवले होते तेव्हा आकडा आला होता, २० च्या आत पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळा, त्यात १ लाख ८५ हजार लेकरं. त्याच सप्टेंबरात दत्तक शाळा योजना आली, देणगी द्या आणि शाळेला नाव लावा. मग ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षक दिनाच्याच दिवशी, निर्णय आला की २० किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, १५ हजारावर. सगळीकडून ओरड झाली, २५ सप्टेंबरला आम्ही सगळे सामूहिक रजेवर गेलो, मग त्यात फेरबदल झाले. पण विचार कुठल्या दिशेनं चाललाय ते यातून समजतं. आमच्या शेजारच्या वस्तीवर शाळा आहे, पट वीसच्या खाली, लेकरं सगळी मेंढपाळांची आणि ऊसतोड्यांची. ती शाळा बंद केली तर त्या लेकरांनी मध्ये ओढा ओलांडून आमच्याकडे यायचं. पावसाळ्यात त्या ओढ्यातून मोठा माणूस जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असं आहे, ते काही उगाच नाही लिहिलेलं.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मुलींसाठी. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं सहावी ते आठवीला पट २० च्या आत असेल तर तिथे शिक्षकच मंजूर होत नाही. कागदावर शाळा बंद केली असं कुठे लिहिलेलं नसतं, पण शिक्षक नाही म्हटल्यावर शाळा कसली. मुलगा सायकलवर पाच किलोमीटर जाईल किंवा मामाकडे राहील, मुलीला कोण पाठवतं? ती आईबापाबरोबर फडावर जाते. फडावर वयात आलेली पोरगी कोपीत एकटी ठेवायची नको म्हणून तिचं लग्न लावून टाकतात, लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता होतो, उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल काढून बघा, २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आहेत. शंभरात चव्वेचाळीस. माझ्याकडून चौथी पास होऊन गेलेल्या मुली मला बाजारात कडेवर लेकरू घेऊन भेटतात, "बाई, ओळखलं का?" म्हणतात, ओळखते मी, वर्गात कुठल्या बाकावर बसायची ते पण आठवतं. गावात आठवीपर्यंतची शाळा नीट चालू असणं हे या मुलींसाठी तीन वर्षांचं संरक्षण असतं. त्याचा हिशोब पटसंख्येत मांडता येत नाही, आणि शिक्षकाचा एक पगार वाचवून सरकारचं किती भलं होतं ते मला तरी समजलेलं नाही.

शिकवायच्या वेळेचं थोडक्यात सांगते कारण यावर खूप जणांनी लिहून झालंय. पोषण आहाराची रोजची माहिती अ‍ॅपवर, यू-डायस प्लस, सरल, अपार आयडी या शाळेच्या आणि लेकरांच्या ऑनलाईन नोंदी, ऑनलाईन प्रशिक्षणं, झाड लावलं फोटो टाका, शपथ घेतली फोटो टाका, लिंक भरा आजच्या आज. आमच्या शाळेत रेंज फक्त मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ येते, तिथे जाऊन उभं राहायचं. दोन शिक्षकी शाळेत एकजण टाकीजवळ म्हणजे दुसऱ्याकडे चार वर्ग. आणि एकाला मीटिंगला, बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा प्रशिक्षणाला बोलावलं की तो दिवस चार वर्ग एका खोलीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. ही तीन कामं आम्ही कधी नाकारली नाहीत, पुढच्या जनगणनेलाही जाणारच आहोत. बाकीची कामं मात्र कमी करा, त्यासाठी सरकारला एक रुपया पण लागणार नाही.

गणवेशाचं पण आठवलं. आधी शाळा व्यवस्थापन समिती गणवेश घ्यायची, दोन गणवेशांना ६०० रुपये, गावातल्या टेलरकडून माप घेऊन. २०२४ ला राज्यभर एकच गणवेश करायचं ठरलं, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे, आणि १५ ऑगस्ट झाला, दिवाळी आली तरी कितीतरी शाळांत लेकरं जुन्याच कपड्यात. शेवटी डिसेंबरात ते परत समितीकडे दिलं. निर्णय बदलला हे चांगलंच केलं. अंड्याचा निर्णय पण असाच बदलता येतो ना मग?

कोठारी आयोगानं १९६६ ला सांगितलं होतं की देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, नव्या धोरणात २०२० ला पुन्हा तेच ६ टक्के लिहिलंय. आम्ही एवढं मोठं काही मागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा त्यांनी गावाला सांगितलं नाही की वर्गणी काढा मग बघू, संस्थानाच्या तिजोरीतून पैसे दिले. माझ्या मागण्या लहान आहेत. शाळेचं अनुदान जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, पूर्ण द्या. हंगामी वसतिगृहाची मंजुरी सप्टेंबरात द्या, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी आईबापाला तोंड भरून सांगता येईल. शाळेचं वीज बिल शासनानं परस्पर भरावं, त्यासाठी मुख्याध्यापकाला दारोदार फिरवू नये. मावश्यांचं मानधन वाढवा आणि महिन्याच्या महिन्याला द्या. सहावी ते आठवीला पट कितीही असो, मुली आहेत तिथे शिक्षक ठेवा. आणि बुधवारचं अंडं परत सुरू करा.

संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमचे तालुका प्रतिनिधी आमच्याकडे येतात ते १५ ऑगस्टला नाहीतर एखादी भिंत पडली की. यंदा त्यांना दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी पाठवा, शाळेचं हजेरी रजिस्टर बघू द्या, मग टोळ्या भरताना गावात थांबू द्या आणि मार्चला पुन्हा एकदा पाठवा. कुठल्या योजनेचे पैसे कुठल्या तारखेला मंजूर झाले आणि शाळेपर्यंत कुठल्या तारखेला आले हे तारखेसकट छापा. आणि ज्या गृहस्थांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझं शाळेत यायचं आमंत्रण आहे, मनापासून देतेय, दुपारी बाराच्या सुमाराला या म्हणजे लेकरांच्या पंगतीत बसता येईल.

नोकरीचा प्रश्न असल्यामुळे नाव आणि गाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड